एक बाळ हातात, दुसरे बादलीपाशी

पहिले मूल दोन वर्षांचेही झालेले नसते, त्याचा लंगोट सुटलेला नसतो, तोच दुसरे पाळण्यात येते. कुठे जुळीच होतात. ‘एकाचे करतेच आहेस, त्यात दुसऱ्याचेही होऊन जाईल,’ असे म्हणणाऱ्या शेजारणी मग पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात काय होते ते त्या घरातल्या वाळत घालायच्या दोरीवर पाहावे. नवजात बाळाचा लंगोट दिवसातून आठ-दहा वेळा बदलावा लागतो, दीड-दोन वर्षांच्या मुलाचा पाच-सहा वेळा. म्हणजे दिवसाला सुमारे १५ आणि महिन्याला ४५०. जुळी असली तर याहूनही जास्त.

एकत्र कुटुंबात सासू, जाऊ, नणंद यांपैकी कोणी ना कोणी बाळाला उचलून घ्यायला असे. नोकरीपायी इंदूर, बडोदे, बंगळूर किंवा दिल्लीला दोन खोल्यांत संसार मांडलेल्या जोडप्याला ती सोय नसते. त्यामुळे आईचा सारा भर काम भराभर उरकण्यावर असतो. परंतु लंगोट बदलायला वेळ असा कितीसा लागतो? फार तर तीन-चार मिनिटे. खरा प्रश्न वेगळाच आहे. या तीन-चार मिनिटांत दुसरे मूल कुठे असते? घाईपेक्षा व्यवस्था महत्त्वाची ठरते ती यामुळेच.

उघडी बादली नको

खराब लंगोट पाण्याच्या बादलीत टाकून ठेवायचे आणि सवड झाली की धुवायचे, ही बहुतेक घरांतली रीत. एकच तान्हे बाळ असते तोवर त्यात धोका नसतो. पण घरात चालायला लागलेले दुसरे मूल असेल, तर हीच बादली जिवावर बेतू शकते. या वयात मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. पाण्यात हात घालायला ते वाकते आणि तोल जाऊन डोक्यावर आत पडते. बादली पाण्याने जड झालेली असल्यामुळे कलंडत नाही, मुलाला स्वतःहून बाहेर येता येत नाही आणि ओरडताही येत नाही. त्यासाठी बादली काठोकाठ भरलेली असावी लागते असेही नाही, वीतभर पाणी पुरते.

म्हणून लंगोटाला लागलेली शी लगेच संडासात टाकून, लंगोट खळबळून, पिळून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावेत. भिजवायचेच असतील तर धुण्याच्या आधी अर्धा तास, आणि तेही न्हाणीघराला बाहेरून कडी लावून. फिनाइलची बाटली, धुण्याचा सोडा आणि सेफ्टी पिना मोठ्या मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर असाव्यात.

सारे काही हाताशी

लंगोट बदलायला पलंगापेक्षा जमीन बरी. सतरंजीवर मेणकापड आणि त्यावर दुपटे घातले की झाले. काल कुशीवर न वळणारे बाळ आज वळते, आणि नेमके आई पावडर किंवा कापड आणायला उठते तेव्हाच पलंगावरून खाली येते. जमिनीवरून पडायची भीती नसते.

घरात अशी एक जागा ठरवून टाकावी. तिथे एका टोपलीत धुतलेले लंगोट, मऊ सुती फडकी, कोमट पाण्याचा थर्मास, छोटे पातेले, मलम आणि खराब कापडासाठी झाकणाचा डबा ठेवावा. बाळाला खाली ठेवल्यावर कशासाठीही उठायची पाळी येता कामा नये. मोठ्या मुलालाही तिथेच नजरेसमोर बसवावे. दोन-चार खेळणी केवळ याच वेळी हातात द्यावीत, म्हणजे त्यांचे अप्रूप टिकते. दार वाजले किंवा फोन आला, तरी बाळावरचा हात काढू नये. जो कोणी असेल तो दोन मिनिटे थांबेल.

आधी कोणाचा?

दोघेही एकदमच रडू लागले की आईचा गोंधळ उडतो. अशा वेळी साधा नियम ठेवावा: ज्याने शी केली आहे, त्याचा लंगोट आधी. नुसत्या लघवीने भिजलेला लंगोट पाच मिनिटे उशिरा बदलला तरी फारसे बिघडत नाही. शीमध्ये मात्र अन्न पचवणारे पाचक रस असतात. लघवीबरोबर ते कातडीवर राहिले की कातडी लाल होते, सोलवटते.

पुसताना, विशेषतः मुलींना, पुढून मागे पुसावे, म्हणजे जंतू लघवीच्या जागी जात नाहीत. नंतर कातडी न घासता टिपून कोरडी करावी आणि काही मिनिटे उघडीच राहू द्यावी. पावडर टाळावी, कारण ती बाळाच्या श्वासात जाते. लाली दिसू लागली तर झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. दोन-तीन दिवसांत ती उतरली नाही, किंवा जांघेच्या घडीत लालभडक चट्टा पडून भोवती बारीक पुटकुळ्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवावे. एका मुलासाठी दिलेले मलम आपल्या मनाने दुसऱ्याला लावू नये.

दोघांचा हिशेब वेगळा

पहिला आठवडा उलटल्यावर अंगावरचे पुरेसे दूध मिळणारे बाळ दिवसातून किमान सहा वेळा लंगोट ओला करते. बाळाचे पोट भरते आहे की नाही, हे ओळखायची ही घरगुती खूण आहे. घरात दोन मुले असली की नेमकी हीच खूण हरवते. बादलीत बारा लंगोट दिसतात, पण त्यातले दहा एकाचेच असू शकतात. जुळ्यांपैकी अशक्त बाळ कमी दूध ओढत असेल, तर ते लक्षातच येत नाही.

म्हणून भिंतीवर एक कागद लावून त्यावर प्रत्येक मुलाच्या नावाचा रकाना आखावा आणि लंगोट बदलला की एक रेघ ओढावी. रात्रीच्या जागरणाने थकलेल्या आईने आठवणीवर विसंबू नये. सहा-आठ तास एखाद्याच्या रकान्यात रेघच नसेल, आणि बाळ मलूल असेल, तोंड कोरडे पडले असेल, तर उशीर न करता डॉक्टर गाठावा.

हात आणि साबण

‘दुधावरच्या बाळाची ती शी, तिचा कसला विटाळ!’ असे म्हणण्याची पद्धत आहे. पण जंतू वय पाहत नाहीत. जुलाबाचे जंतू एका मुलाच्या शीतून आईच्या हाताला लागतात आणि त्याच हाताने दुसऱ्याच्या तोंडात जातात. लहान मुलांना तीव्र जुलाब करणारा रोटाव्हायरस असाच पसरतो. त्याची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आहे. दोन्ही मुलांना ती वेळेवर द्यावीच, पण लस दिली म्हणून साबण सुटत नाही. एकाचा लंगोट बदलल्यावर दुसऱ्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. मोठ्या मुलाने मध्ये हात घातला असेल, तर त्याचेही.

कापडी की तयार?

इंग्लंडमधील व्हॅलरी हंटर गॉर्डन या गृहिणीच्या घरी १९४७ साली तिसरे बाळ आले. लंगोट धुऊन कंटाळलेल्या या बाईंनी पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी शिवली आणि तिच्यात वापरून फेकून देता येईल अशी कापसासारखी घडी बसवली. तयार डायपरच्या आरंभीच्या रूपांपैकी हे एक. दोन-तीन मुलांच्या धुण्यातूनच ही वस्तू जन्मली, तेव्हा ती वापरली म्हणून कोणत्याही आईला आळशी ठरवू नये.

मात्र महिन्याला ४५० डायपर बहुतेकांच्या खिशाला परवडत नाहीत. दिवसा घरी कापडी आणि रात्री, प्रवासात किंवा आजारपणात तयार, असा मेळ घालणे सोयीचे. कापडी लंगोट ३५-४० असावेत, म्हणजे पावसाळ्यातही एका दिवसाची ओढ भागते. ते शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवताना धुराच्या खोलीत बाळ असू नये, आणि शेगडीजवळ मोठे मूलही फिरकू नये.

वापरलेला डायपर तसाच कचऱ्यात टाकू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावरच टाकली. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याचा आग्रह धरला, तो आत काय आहे हे उघडून पाहायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून. आपल्या घरची पुडी उचलणारी बाईही कोणाची तरी आई असते.

मोठ्याचे मन

‘आता तू दादा झालास’ असे म्हणून ज्या महिन्यात धाकटे घरी येते, त्याच महिन्यात मोठ्याचा लंगोट सोडवायचा घाट घालू नये. पायांवर किंवा भांड्यावर बसायची सवय बाळ येण्याआधी लागली तर उत्तम, नाहीतर दोन-तीन महिने थांबावे. लंगोट सुटलेले मूलही धाकट्याला पाहून पुन्हा कपडे ओले करू लागते. तो हट्ट नसतो, आईची वाटणी त्याला सोसत नाही एवढेच. रागावल्याने सवय लांबते. त्याला स्वच्छ दुपटे आणून द्यायचे काम द्यावे आणि आणल्यावर पाठ थोपटावी.

राहता राहिले घरातले पुरुष. बाळाला कडेवर घेऊन फिरवणारे वडील लंगोट ओला दिसताच ‘अगं, घे याला’ म्हणून हाक मारतात. दोन मुलांच्या घरात ही हाक परवडणारी नाही, कारण आईचे हात आधीच गुंतलेले असतात. मदत म्हणून कधीतरी एखादा लंगोट बदलण्यापेक्षा त्यांनी ठरावीक पाळी घ्यावी: सकाळी कामावर जाण्यापूर्वीची एक, झोपण्यापूर्वीची एक आणि रात्रीची एक. भिंतीवरच्या कागदावर त्या वेळची रेघही त्यांनीच ओढावी.