किनाऱ्यावरचा स्वार आणि घाटावरची थंडी

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की अलिबागच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ वाढते. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोटसेवा सुरू झाल्यापासून मुंबईकराला आपली मोटारसायकल बोटीत चढवून सुमारे तासाभरात मांडव्याच्या धक्क्यावर उतरता येते. परंतु याच दिवसांत एक प्रवाह उलट दिशेनेही वाहत असतो. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड येथील तरुण शनिवारी पहाटे गाड्या बाहेर काढतात आणि वडखळ, नागोठणे, महाड मागे टाकून पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठतात. त्यांतील काहींचे पुढचे स्वप्न स्पिती-लडाखचे असते. हौस निकोप आहे. अडचण एवढीच की, ज्या थंडीच्या ओढीने हा तरुण निघतो, ती थंडी त्याच्या अनुभवात कधी आलेलीच नसते.

समुद्र हा किनाऱ्याचा मोठा कनवाळू शेजारी आहे. तो हिवाळ्यातही हवेला फार गारठू देत नाही. त्यामुळे अलिबागच्या घरात छत्री आणि रेनकोट असतात, पण खऱ्या अर्थाने उबदार म्हणता येईल असा कपडा क्वचितच असतो. या हवामानात वाढलेल्या माणसाच्या मनात थंडी म्हणजे पहाटेची सुखद शिरशिरी. घाटमाथ्यावरची थंडी ही वस्तू निराळी आहे आणि धावत्या मोटारसायकलीवरची थंडी तर त्याहून निराळी आहे.

साधे गणित करून पाहावे. उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सर्वसाधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. अलिबागेस पहाटे १७ अंश तापमान असेल, तर केवळ उंचीमुळेच महाबळेश्वरला ते आठ अंशांच्या आसपास येईल. आठ अंशांत ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या उघड्या त्वचेला ते तीन अंशांसारखे जाणवते, कारण शरीराभोवती साठलेली उबदार हवेची झालर वारा क्षणोक्षणी ओरबाडून नेतो. आभाळ निरभ्र असलेल्या रात्री तर जमीन अधिकच निवते. वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात वृत्तपत्रांत येतात, त्या याच कारणाने. कौतुकाने वाचल्या जाणाऱ्या त्या बातमीत दुचाकीस्वारासाठी एक इशाराही दडलेला असतो.

थंडीचा खरा धोका असा की ती कर्जासारखी वाढते. पहिल्या अर्ध्या तासात ती केवळ बोचते. नंतर बोटे बधिर होतात. मोटारसायकलीचा पुढचा ब्रेक आणि क्लच हे दोन्ही बोटांच्याच हाती असल्यामुळे बोटे बधिर होणे म्हणजे गाडीवरील ताबा जाऊ लागणे होय. त्यानंतर कापरे भरते. शरीराचे तापमान नेहमीच्या ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्याला धोक्याची अवस्था मानते. या अवस्थेत माणसाची विचारशक्तीच मंदावते, म्हणून आपण संकटात आहोत हे त्याला उमगत नाही. सावकाराने व्याज चढवावे आणि कर्जदाराला हिशेब वाचता येऊ नये, असा हा प्रकार आहे. म्हणूनच थंडीची तयारी घरून निघण्यापूर्वीच करावी लागते. घाटाच्या पाचव्या वळणावर ती करता येत नाही.

ही तयारी फार गहन नाही. अंगालगत सुती बनियन असेल तर ते घाम धरून ठेवते आणि ओले कापड ऊब पळवते. त्यापेक्षा लोकरीचा किंवा घाम लवकर सुकवणारा कृत्रिम धाग्याचा कपडा बरा. त्यावर स्वेटर. परंतु नुसत्या स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो, म्हणून सर्वांत वर वारा अडवणारा कपडा हवा. येथे कोकणी माणसाची एक जमेची बाजू आहे. पावसाळा संपल्यावर घडी करून ठेवलेला रेनकोट स्वेटरवर चढवला तर तो वाऱ्याला उत्तम रोखतो. हातमोजे वारा न शिरणारे असावेत आणि ते घालून ब्रेक दाबण्याचा सराव घरच्या अंगणात करावा. मफलरची टोके मोकळी सोडू नयेत. कानटोपी पातळ असावी, म्हणजे हेल्मेट सैल अथवा घट्ट होणार नाही. दोन पायमोजे कोंबून बूट आवळला तर रक्ताचा प्रवाह रोडावतो आणि पाय अधिकच गारठतात.

गाडीचीही तयारी असते. खाऱ्या हवेने किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या साखळ्या, केबली आणि बॅटरीची टोके गंजतात. अलिबागच्या उबेत कशीबशी चालू होणारी अशक्त बॅटरी थंडीत पहाटे दगा देते. टायर थंड असताना रस्त्यावरची पकड कमी असते आणि झाडांच्या सावलीतील वळणे दवाने उशिरापर्यंत ओली राहतात. म्हणून पहिले काही किलोमीटर सावकाश गेले पाहिजे आणि शक्यतो ऊन वर आल्यावरच घाट चढला पाहिजे. दर तासाने थांबून काही खावे, गरम चहा घ्यावा. मद्याने ऊब येते हा समज मात्र घातक आहे. मद्याने त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब भासते आणि शरीरातील उष्णता त्या वाटेने बाहेर निघून जाते.

लडाखचा प्रश्न याहून वेगळ्या पातळीवरचा आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि खारदुंग ला पाच हजार मीटरच्याही वर. त्या उंचीवर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत जवळजवळ निम्मा असतो. थंडी आणि विरळ हवा या दोन शत्रूंशी तेथे एकाच वेळी गाठ पडते. लेहला पोचल्यावर निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी, असे वारंवार सांगितले जाते. तरीही मोजक्या रजेत सारे उरकायचे असल्यामुळे अनेकांना हे दोन दिवस वाया गेलेले वाटतात. समुद्रसपाटीवर जन्म काढलेल्या माणसाने तर ते आपल्या प्रवासाचा पाया मानले पाहिजेत.

इतके सारे ठाऊक असूनही तयारी का होत नाही? ‘तरुणांचा बेफिकीरपणा’ हे त्याचे सोपे उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. यामागे एक आर्थिक हिशेबही आहे. मोटारसायकल वर्षाचे ३६५ दिवस उपयोगी पडते, म्हणून तिच्यासाठी हप्ते भरले जातात. उबदार जाकीट आणि चांगले हातमोजे किनाऱ्यावरच्या माणसाला वर्षातून चार दिवस लागतात. चार दिवसांच्या वस्तूवर काही हजार रुपये घालणे त्याला उधळपट्टी वाटते आणि त्याच्या खिशाकडे पाहिले तर त्याचा हिशेब अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर वगळता लाख रुपयांच्या गाडीमागे दहा हजार रुपयांची ही सूट आहे. त्यातील काही भाग हेल्मेट आणि कपड्यांकडे वळवावा असे सुचवणे रास्त ठरेल. परंतु अशी वाचलेली रक्कम बहुधा अधिक महागड्या गाडीकडेच वळते, हा बाजाराचा नेहमीचा अनुभव आहे.

शिवाय या हिशेबात एक मोठा खर्च धरलेलाच नसतो. स्वार घाटात पडला तर त्याला वर काढायला जवळच्या वाडीतील माणसे धावतात. हिमालयातील खिंडीत अडकला तर सैनिकांना आणि सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांना कामे टाकून यावे लागते. मागे बसलेल्या सोबत्याचा जीवही त्याच गाडीवर असतो आणि घरी गाडीचे हप्ते फेडणारे आईवडील असतात. हौस एकाची आणि जोखीम अनेकांची, अशी ही विभागणी आहे. ज्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी जातो त्या गोष्टीत माणूस काटकसर करीत नाही, हे अर्थशास्त्राचे जुने सूत्र येथे तंतोतंत लागू पडते.

यावर उपाय कोकणाच्या जुन्या व्यवहारातच सापडण्यासारखा आहे. लग्नकार्याला लागणारी मोठी पातेली, घंगाळे, पराती प्रत्येक घराने विकत घेणे परवडणारे नव्हते. म्हणून गावकीची भांडी असत. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने ती न्यावीत, घासूनपुसून परत करावीत आणि ठरलेले नाममात्र भाडे द्यावे. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वस्तूची मालकी सामाईक ठेवण्याचा हा शहाणपणा थंडीच्या कपड्यांना का लागू करू नये? गावोगावची क्रीडामंडळे, गोविंदा पथके, महाविद्यालयांचे जिमखाने यांनी दहा-बारा जाकिटे, हातमोजे आणि प्रथमोपचाराच्या पेट्या बाळगल्या तर एका गाडीच्या हप्त्याहून कमी भाड्यात प्रत्येकाची सोय होऊ शकेल. हेल्मेट मात्र ज्याचे त्याचे, मापाचे आणि आयएसआय चिन्हाचेच हवे. शासनालाही येथे थोडे करण्यासारखे आहे. पोलादपूरला घाटाच्या पायथ्याशी महाबळेश्वरचे त्या पहाटेचे तापमान दाखवणारा एक फलक लागला, तर वर काय वाढून ठेवले आहे हे स्वाराला खालीच कळेल. त्याला येणारा खर्च नगण्य आहे.

‘थंडी सोसण्यातच गंमत आहे, एवढे जपायचे तर घरी बसावे,’ असा एक आक्षेप तरुणांकडून घेतला जातो. त्याचे उत्तर घाटात रोज पहाटे दुधाचे कॅन लावून दुचाकी हाकणाऱ्या माणसाकडे आहे. त्याला ना हौस, ना महागडे जाकीट. परंतु तो निघण्यापूर्वी सदऱ्याच्या आत छातीवर जुन्या वर्तमानपत्राची घडी सरकवतो, कान घट्ट बांधतो आणि वळणावर वेग उतरवतो. थंडी सोसणे ज्याच्या पोटाशी बांधलेले आहे, तो तिच्याशी कधी पैज लावत नाही. त्याच्यापाशी पैसा कमी आहे, पण तयारी पुरी आहे.

किनाऱ्यावरच्या तरुणाने घाट चढावा, हिमालयही पाहावा. समुद्राकाठच्या माणसाने डोंगर पाहिल्याने त्याची दृष्टी रुंदावते, यात शंका नाही. मात्र कोळी होडी पाण्यात लोटण्यापूर्वी वारा आणि भरती-ओहोटी पाहतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. समुद्राच्या बाबतीत जो शहाणपणा अलिबागकरांना उपजत लाभला आहे, तोच त्यांनी डोंगरावर जाताना बरोबर नेला पाहिजे.