राणीछाप गिनी

पुष्कळ जुन्या घरांतील दागिन्यांच्या डब्यांत एखाददुसरी राणीछाप गिनी अद्यापि सांपडते. तिचा कस सारे पाहतात. मुख क्वचितच कोणी निरखून पाहतो.

व्हिक्टोरिया राणी १८३७ सालीं गादीवर आली. १८३८ पासून १८८७ पर्यंत गिनीवर तिचें एकच तरुण मुख राहिलें. मस्तक उघडें, केसांस फीत. मध्यंतरीं १८६१ सालीं पति आल्बर्ट निवर्तले व राणीनें आमरण काळीं वस्त्रें पत्करलीं; नाण्यावरील तरुणीस मात्र त्याची वार्ताहि नव्हती. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवीं मस्तकावर चिमुकला मुकुट व मागें ओढणी आली. १८९३ पासून ओढणी घेतलेली वृद्धा दिसूं लागली. मुखें तीन झालीं. वजन तेंच, पाऊण तोळ्याच्या किंचित् आंत, आणि कसहि तोच, बावीस कॅरट.

म्हणजे आमच्या सुवासिनींनीं ज्या गिन्या गळ्यांत मिरविल्या, त्यांतील कित्येकींवर एका विधवेचें मुख होतें. त्यांत कोणास अशुभ वाटलें नाहीं. घरांतील विधवा आत्याबाईंस मात्र हळदीकुंकवाच्या वेळीं माजघराआड बसावें लागे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें जिजाऊ मातोश्रींचें जन्मस्थान. १६६४ सालीं त्यांस वैधव्य आलें. तरी १६७४ च्या राज्याभिषेकास त्या रायगडीं होत्याच. शिवरायांच्या सोन्याच्या होनावर तर मुखच नाहीं. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' एवढींच अक्षरें.

मुख पालटलें म्हणून सोन्याचा कस उतरत नाहीं, हें सराफास कळतें. येत्या संक्रांतीचीं बोलावणीं करितांना तें आम्हां गृहस्थांसहि कळावें.