पाटी बदलली, भाव वाढला

वाण्याला नटायची हौस असेल तर माझी मुळीच हरकत नाही. दुकानात पिवळे दिवे लावावेत, प्लास्टिकच्या बरण्या काढून काचेच्या मांडाव्यात, पुड्यांना खाकी कागद नि सुतळी बांधावी. पण आमच्या कोथरूडच्या गल्लीत ही हौस आता मालाच्या अंगावर आली आहे. गुळावर 'ऑरगॅनिक', तुपावर 'ए-टू', शेंगदाणा तेलावर 'कोलेस्टेरॉल-फ्री', ज्वारीच्या पिठावर 'ग्लुटेन-फ्री'. माल उतरवणारा टेम्पो तोच, भाव मात्र दीडपट.

तेलाचं आधी उरकून टाकू. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असतं. शेंगदाण्याच्या तेलात ते हिशेबात धरण्याइतकंही नसतं, मग घाण्यावरचं असो की कारखान्यातलं. जे नव्हतंच ते काढून टाकल्याचे पैसे आपण मोजतो आहोत.

तुपाची तऱ्हा याहून रंगतदार. ए-वन आणि ए-टू हा भेद दुधातल्या बीटा-केसिन नावाच्या प्रथिनाचा. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. प्रथिन असतं ते ताकात आणि बेरीत निघून जातं. लोणी कढवलेल्या कुणालाही हे सांगावं लागू नये. ऑगस्ट 2024 मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाने हे दावे दिशाभूल करणारे ठरवून वेष्टनांवरून काढायला सांगितले आणि आठवडा उलटायच्या आत आदेश मागे घेतला. आदेश मागे गेला म्हणून तुपात प्रथिन परत आलं नाही. आमच्या दुकानातली पाटी मात्र त्यानंतर आणखी मोठी झाली.

इथपर्यंत हसून सोडता येतं. गुळापाशी येत नाही. 'सेंद्रिय' या शब्दाला 2017 पासून कायद्याचा आधार आहे. एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं प्रमाणपत्र हवं असेल, तर हंगामी पिकाच्या जमिनीला दोन वर्षं आणि बहुवार्षिक पिकाला तीन वर्षं रूपांतरणाची काढावी लागतात. त्या काळात उत्पन्न घटलं तरी 'सेंद्रिय'चा भाव मिळत नाही. दुसरी वाट पीजीएस या सहभागी हमी पद्धतीची, तिथे शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. एवढं झाल्यावर पुड्यावर 'जैविक भारत'चं चिन्ह येतं. शेतकऱ्यानं ज्यासाठी वर्षं घातली तो शब्द आमचा वाणी छपाईच्या दुकानातून स्टिकरवर उतरवून आणतो.

पुरावा मागितला की तो गुळाचा रंग दाखवतो. "काका, बघा ना, काळपट आहे." गुऱ्हाळात रंग उजळायला हायड्रोस हे रसायन टाकलं नसेल, एवढंच फार तर रंग सांगेल. उसाला युरिया किती घातला ते रंगाला काय ठाऊक? मग दुसरं उत्तर तयार असतं: "सर्टिफिकेट कशाला हवं? थेट शेतकऱ्याकडून येतं." प्रमाणपत्रातून सवलत आहे खरी, पण ती वर्षाला बारा लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या आणि खाणाऱ्याला स्वतः माल विकणाऱ्या शेतकऱ्याला आहे, आणि तिच्यात चिन्ह वापरायची मुभा नाही. मधे दुकान आलं की सवलत संपली.

आणि ग्लुटेन-फ्री! गव्हात असणारं ग्लुटेन ज्वारीत नसतंच. पण ज्या गिरणीतून हे पीठ येतं तिथे दिवसभर गहू दळला जातो. "ज्वारीवरच ज्वारी टाका हो," असं गिरणीवाल्याला बजावणाऱ्या बायकांना ठाऊक आहे की आधीच्या दळणाचं पीठ पुढच्यात उतरतं. कायद्यानं ग्लुटेन-फ्रीची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम इतकी कडक आहे. तुम्हाआम्हाला चिमूटभर गव्हानं काही होत नाही. सीलिॲकच्या रुग्णाला होतं; त्याच्या आतड्याला इजा होते आणि आयुष्यभर ग्लुटेन टाळण्यावाचून त्याच्यापाशी दुसरा उपाय नाही. तो बिचारा ही पाटी वाचून विश्वासानं पीठ नेतो. बाकीच्या पाट्या खिसा कापतात, ही माणूस आजारी पाडते.

वाण्याचं म्हणणं मी ऐकलं आहे. एका बाजूला मॉल, दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांत दारात येणारी पिशवी. अशात गिऱ्हाईक जे मागतं ते द्यावंच लागतं. कोंडी खरी आहे. पण उधारीची वही, घरपोच पाठवणं, खराब डाळ निमूट बदलून देणं, या जोरावर त्यानं पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक टिकवलं. तोच विश्वास तो आज स्टिकरमागे खर्ची घालतो आहे, आणि तो घाऊक बाजारात मिळत नाही.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. मेथीच्या जुडीमागे पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण 'ऑरगॅनिक' वाचलं की भाव विचारायलाही लाजतो. ही लाज सोडावी. पुड्यावरचं चिन्ह शोधावं, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहावा, 'सेंद्रिय'ला प्रमाणपत्र आणि 'ग्लुटेन-फ्री'ला वेगळी चक्की दाखवायला सांगावी. दाखवली तर जादा पैसे खुशीनं द्यावेत, कारण त्यामागे कुणाची तरी मेहनत आहे. नाही दाखवली, तर साध्या गुळाचे साध्या भावानं पैसे टेकवावेत आणि वर सांगावं, की पाटी उतरवली नाहीत तर पुढची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल.