मंदी कुणाची हजेरी आधी कापते?

मंदी आली की पेपरात एक रेघ खाली जाते. अर्थपंडित त्या रेघेकडं बोट दाखवतात आणि म्हणतात, सगळ्या देशावर संकट आलंय. सगळ्या म्हंजे कुणाकुणावर?

मी मॅट्रिक. कविता करतो आणि गोदीत ओझी वाहतो. ठेकेदाराचा माणूस. २०२० साली एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानानं जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरलं, असं सरकारनंच सांगितलं. आमच्या टोळीचं शंभर टक्के घसरलं. मुकादमानं सांगितलं, येऊ नका. बस्स, दोन शब्द. ना नोटीस, ना हिशेब.

टाळेबंदी सैल झाल्यावर गेटवर गेलो तर बारा जणांचं काम आणि चाळीस माणसं उभी. माझ्यापुढं एक बिहारी पोरगा होता. त्याला मी कोपरानं मागं सारलं. अपने गाँव जा, म्हणालो. त्या पाळीचे पैसे घरी नेले, आईनं भाकरी टाकल्या, मी खाल्ल्या. ही गोष्ट माझ्या एकाही कवितेत नाही. म्हणून इथं लिहितोय.

नंतर अमेरिकेतल्या महामंदीवर मिळेल ते वाचत गेलो. आपण काळ्या लोकांशी नातं सांगतो, पँथर हे नाव तिथनंच घेतलं. पण त्यांच्या उपासमारीचा इतिहास आपल्यातल्या किती जणांनी वाचलाय?

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत हजारो बँका बुडाल्या, चारातला एक कामगार बेकार झाला. एवढं पुस्तकात सापडतं. पण १९३२ च्या सुमाराला काळ्या कामगारांतले जवळजवळ निम्मे बेकार होते, हे कोण सांगतो? घेताना शेवटी, काढताना आधी, हा तिथला न लिहिलेला कायदा. झाडू मारणं, कचरा उचलणं, सामान वाहणं ही काळ्यांची कामं. चांगल्या दिवसांत गोरा तिकडं बघत नव्हता. पोटात आग पडल्यावर त्याला तीच कामं हवी झाली. १९३० साली अटलांटा शहरात काळे शर्ट घातलेली गोऱ्यांची संघटना रस्त्यावर आली. मागणी काय, तर सगळ्या गोऱ्यांना काम मिळेपर्यंत एकाही काळ्याला काम नको. बँका बुडवणाऱ्यांच्या दारात ही माणसं गेली नाहीत. झाडूवाल्याच्या हातातला झाडू हिसकायला गेली.

हे वाचलं आणि माझं कोपर आठवलं.

बायांचे हाल वेगळे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काळ्या बाया सकाळपासून नाक्यावर उभ्या राहायच्या. हातात कागदाचं पुडकं. गोऱ्या मालकिणी येऊन भाव करायच्या, तासाला १५ ते ३० सेंट. एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघींनी १९३५ साली 'द क्रायसिस' मासिकात त्यावर लिहिलं आणि त्या नाक्याला गुलामांचा बाजार म्हटलं. आपल्या नाक्यांवर उभ्या राहणाऱ्या आयाबहिणींना हे चित्र नवं नाही.

मग सरकारी मदत आली. तिलाही डोळे होते. १९३३ च्या शेतीकायद्यानं कापूस कमी पेरायला जमीनमालकांना पैसे दिले. मालकांनी पैसे खिशात घातले आणि वाट्यानं कसणाऱ्या कुळांना, काळ्यांना आणि गरीब गोऱ्यांनाही, झोपडीतनं हाकललं. १९३५ साली म्हातारपणाच्या पेन्शनीचा आणि बेकारभत्त्याचा कायदा झाला. त्यात 'काळा' हा शब्द शोधून सापडत नाही. पण वगळलेल्या धंद्यांत दोन मोठे धंदे होते, शेतमजुरी आणि घरकाम. आणि काळ्या कामगारांतले निम्म्याहून जास्त याच दोन धंद्यांत! जात न लिहिता जात कशी पाळायची हे आपल्याला शिकवायला नको. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात पगार जास्त, तिथं अस्पृश्याला मज्जाव, कारण धाग्याला तोंड लागायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांना हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढंच टाकावा लागला.

आमचे काही डावे मित्र म्हणतात, मंदी सगळ्या कामगारांना मारते, आत्ता जात काढू नका, एकी करा. एकी मलाही पाहिजे. पण ती कशी होते ते बघा. १९३४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांनी संप केला. तिथंही सकाळी गोदीपुढं उभं राहायचं, मुकादम बोट दाखवील तो आत. काळ्यांना युनियननं बाहेर ठेवलं होतं, म्हणून आधीच्या संपात मालकांनी त्यांनाच आत घातलं. उपाशी माणसाला फितूर म्हणणं सोपं असतं. या वेळी गोदी कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस काळ्यांच्या चर्चमध्ये गेला. साथ द्या, युनियनचं दार उघडू, म्हणाला. ५ जुलैला पोलिसांच्या गोळ्यांनी दोघं मेले. मग सगळं शहर चार दिवस बंद. शेवटी पाळी वाटण्याचं काम मुकादमाच्या बोटातनं सुटून युनियनच्या माणसाकडं आलं. सगळं गोड झालं असं नाही, काही बंदरांत काळ्यांना पुढं कितीतरी वर्षं दार बंदच होतं. पण आधी दार आणि मग एकी, हा क्रम तिथं सिद्ध झाला.

आपल्याकडंही १९४८ चा गोदी कामगार कायदा झाला, १९५१ मध्ये मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. टोळीवाल्यांचं राज्य मोडलं, बोट नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. आज तोच टोळीवाला ठेकेदार होऊन गेटवर परत उभा आहे.

मंदी परत येईल. तेव्हा रेघेकडं बघत बसू नका. कुणाची हजेरी आधी कापली ते विचारा. मदतीच्या कायद्यात कुठला धंदा वगळला ते विचारा. आणि भैयाला हाकला म्हणून कुणी हातात दगड दिला, तर तो देणारा कुणाच्या बंगल्याची राखण करतोय तेही विचारा.

त्या बिहारी पोराचं नाव मी विचारलं नव्हतं. पुन्हा दिसला तर आधी नाव विचारीन. मग दोघं मिळून मुकादमाकडं पाळीची यादी मागू.