साडेचार लाखांचा बैल आणि बावीस सेकंदांची रील

ओळखीतल्या एका शेतकऱ्याने दिवाळीनंतर साडेचार लाखांना शर्यतीचा बैल घेतला. सोसायटीचं कर्ज आणि बायकोचे दागिने, दोन्ही त्यात गेलं. विचारलं, काय बघून घेतला? त्याने मोबाईल पुढे केला. बावीस सेकंदांची रील. मागे गाणं, धुरळा, आणि हा बैल पुढे. मैदान कुठलं, अंतर किती, शेजारी कोण पळत होतं, जोडीला कोणता बैल होता, काही नाही. घरी आणल्यावर चार मैदानं झाली, एकदाही गट पास नाही. विकणारा आता फोन उचलत नाही.

मुंबईत महालक्ष्मीला पळणाऱ्या घोड्याबाबत असं करून बघा. जमणार नाही. तिथे हँडिकॅपर नावाचा माणूस घोड्याच्या प्रत्येक शर्यतीनंतर त्याचा आकडा तपासतो. हा आकडा वेगाचा नसतो, कारण नुसती वेळ फसवते. मैदान ओलं असलं किंवा सुरुवातीला सगळेच रेंगाळले, तर चांगल्या घोड्याचीही वेळ पडते. बघायचं ते हे, की कोणाला हरवलं, किती अंतराने, आणि पाठीवर किती वजन घेऊन. आकडा वाढला की पुढच्या वेळी वजन वाढतं, एका गुणाला अर्धा किलो. आणि हे सगळं छापून येतं, मालकाला आवडो न आवडो.

त्यातही चुका होतात. १९८६ च्या डान्सिंग ब्रेव्ह या घोड्याला १४१ गुण होते. २०१३ मध्ये ते १३८ केले, आणि १४० वाला फ्रँकल वर गेला. टीका भरपूर झाली. अमेरिकेत तर सेक्रेटरिएटने १९७३ साली जिंकलेल्या प्रीकनेस शर्यतीची अधिकृत वेळ ३९ वर्षांनी जुनं चित्रीकरण तपासून बदलली. पण भांडायला, दुरुस्त करायला कागदावर काहीतरी होतं ना! आपल्याकडे चूक शोधायलाही नोंद नाही.

घोड्यांचा खेळ श्रीमंतांचा, जुगाराचा, हे मला कोणी सांगू नका. जुगाराचं मला प्रेम नाही. आणि नोंदी आल्या की सट्टा येईल म्हणणाऱ्यांना विचारतो, सट्टा लावणारे काय वहीची वाट बघत थांबलेत?

आपलं गणित अवघड आहे, मान्य. जुन्नर-आंबेगाव-खेडच्या घाटात गाडा एकटा पळतो आणि सेकंद मोजतात. पण प्रत्येक घाटाची लांबी वेगळी, चढ वेगळा. इथले बारा सेकंद आणि तिथले बारा सेकंद सारखे नाहीत. सातारा-सांगलीकडे छकडे शेजारी-शेजारी पळतात, गट, सेमी, फायनल. तिथे तुलना सोपी, पण छकड्याला बैल दोन. आणि विकताना प्रत्येक बैल एकटाच जिंकलेला असतो! कोणी कोणाला ओढून नेलं, हे एका मैदानात कळत नाही. तोच बैल पाच वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर कसा पळाला हे लिहून ठेवलं, तर कळतं. खांद कोणता, आदत होता की दुसा, अंतर किती, पुढे-मागे कोण. एवढंच लिहायचंय.

बक्षिसाला ट्रॅक्टर मिळतो, बुलेट मिळते, स्टेजवर पुढाऱ्यांची रांग लागते. शंभर रुपयांची वही मिळत नाही. का? कारण वही आली की हेड्यांचं दुकान बसेल. आज ज्याची रील भारी त्याचा बैल भारी.

२०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या, मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा वैध ठरवला. त्या सात वर्षांत आपणच ओरडून सांगत होतो ना, शर्यत टिकली तर खिलार टिकेल? मग पैदाशीला वळू कोणता ठेवायचा हे काय फॉलोअर्स मोजून ठरवणार?

आमच्या समालोचकांना शेकडो बैल मालकांसकट तोंडपाठ आहेत. ते डोक्यातलं कागदावर उतरवायचं, बस.

चैत्रात आमच्या यात्रेचं मैदान आहे. वही मी देतोय. कमिटीने लिहायला एक पोरगा द्यावा, नाहीतर झेंडा पंचाच्या शेजारी खुर्ची टाकून मीच बसतो.