उतारावर गाडी 'एन'मध्ये टाकताय?

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे कोलोरॅडोला आले होते. त्यांना घेऊन पाइक्स पीकला गेलो. १४,११५ फूट उंचीचं शिखर, वर जायला १९ मैलांचा घाटरस्ता. उतरायला लागलो आणि शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "अरे, न्यूट्रलला टाक की. उगाच पेट्रोल कशाला जाळतोस?"

बाबांना दोष देता येणार नाही. कसारा घाटात आधी स्कूटर, मग जुनी फियाट त्यांनी अशीच उतरवली. मीसुद्धा इथे आल्यावर पहिली दोन वर्षं आय-७० वरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून डेन्व्हरकडे येताना गाडी 'एन'मध्ये टाकायचो आणि पैसे वाचवल्याचं समाधान मानायचो. म्हणूनच स्वानुभवाने सांगतो, घाटात ही काटकसर नव्हेच.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन जितकं जोरात फिरेल तितकं पेट्रोल ओढलं जायचं. तिथे न्यूट्रलमध्ये थोडं वाचत असे. आजच्या गाडीत इंधन किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. गाडी 'डी'मध्ये आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलाय आणि गाडी उताराने पळतेय, अशा वेळी चाकंच इंजिनला फिरवतात. कॉम्प्युटर हे ओळखतो आणि इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतो. 'एन'मध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटतो. इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं.

पेशाने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे खात्री करून घेतली. गाडीच्या ओबीडी पोर्टला छोटं यंत्र लावलं. घाटात 'डी'मध्ये पाय काढला की आकडा शून्याजवळ जायचा. घरापुढे नुसती गाडी चालू ठेवली तर तासाला साधारण पाव गॅलन. म्हणजे दहा मिनिटांच्या उतारात न्यूट्रलचा हिशेब काही सेंटचा, आणि तोही तोट्याचा! अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी जरा लांब घरंगळते, हे खरं. पण तेवढ्यासाठी कायदा मोडायचा का? कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं बेकायदा आहे.

कायद्यामागचं कारण पैशांपेक्षा मोठं आहे. चढताना गाडीत साठलेली ऊर्जा उतरताना कुठेतरी जायलाच हवी. गिअरमध्ये असताना इंजिन त्यातला वाटा उचलतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि जास्त तापले की पकड सोडतात. इंजिनच बंद केलं तर पॉवर ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंगची मदतही जाते.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने चाळीसहून अधिक गाड्यांना ठोकरलं. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. काही रुपयांचं डिझेल आणि त्यापायी केवढा अनर्थ!

मग करायचं काय? उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा. गिअर 'डी'वरून 'एल', '२' किंवा 'एस'वर घ्या, टोयोटाच्या हायब्रिडमध्ये 'बी'वर. इंजिनचा आवाज वाढेल, घाबरू नका. पेट्रोल जळत नसतं. ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. नीट दाबून वेग कमी करा, मग सोडून द्या. आणि खरंच पेट्रोल वाचवायचं असेल तर सपाट हायवेवर वेग आवरा. ताशी ५० मैलांच्या पुढे मायलेज झपाट्याने घसरतं.

पाइक्स पीकवरून उतरताना ग्लेन कोव्ह इथे प्रत्येक गाडीच्या ब्रेकचं तापमान तपासतात. गरम असतील तर थांबवून ठेवतात. आमचे ब्रेक थंड निघाले आणि लगेच पुढे सोडलं. बाजूला मात्र चार-पाच गाड्या थांबलेल्या होत्या. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी नाशिकला काकांना फोन लावला, त्यांनी नुकतीच ऑटोमॅटिक घेतली आहे. ख्यालीखुशाली राहिली बाजूला, पहिलंच वाक्य कानावर आलं, "हे बघ, कसारा उतरताना न्यूट्रलला टाकायची नाही हं!"