कान दुखतो, पण दुखणे जबड्याचे

कानात ठणका लागतो म्हणून तपासून घ्यावे, तर कान स्वच्छ निघतो. मग संशय दाढेवर जातो. एक्स-रेत दाढही धड दिसते, तरी कधी रूट कॅनाल होते, कधी दाढ काढली जाते आणि दुखणे आहे तिथेच राहते. अशा अनेकांचे खरे दुखणे कानाला लागूनच असलेल्या जबड्याच्या सांध्यात, किंवा बहुतेकदा तो हलवणाऱ्या स्नायूंत असते.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडले की हा सांधा हाताला लागतो. तो बिजागरीसारखा फिरतो आणि पुढे सरकतोही. मध्ये एक लहानशी चकती असते. ती जागची हलली की ‘कट’ असा आवाज येतो. नुसता आवाज असेल, वेदना नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर उपचार लागत नाहीत.

फार वर्षे सगळा दोष दातांच्या ठेवणीवर टाकला गेला. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये दाढा गेल्याने सांध्यावर दाब येतो, अशी मांडणी केली. दात घासून चावा ‘जुळवून’ देण्याच्या उपचारांना त्यातून बळ मिळाले. पुढच्या संशोधनात त्याला भक्कम आधार सापडला नाही. घासलेला दात मात्र परत येत नाही. आज एकच एक कारण कोणी सांगत नाही. जबड्याला बसलेला मार, संधिवात, मानसिक ताण, अपुरी झोप, दिवसा नकळत दात आवळणे, झोपेत दात खाणे (घरोघरी याचा ठपका जंतांवर ठेवला जातो) यांतली काही कारणे एकत्र येतात. विशीपासून चाळिशीपर्यंतच्या स्त्रियांत हा त्रास अधिक दिसतो.

ओठ मिटलेले असले तरी एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. मोबाइल पाहताना किंवा गाडी चालवताना ते आवळलेले आहेत का, हे प्रत्येकाला स्वतःच तपासता येते. बहुतेकांना काही आठवडे मऊ खाणे, कोमट शेक, जबड्याचे व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके यांनी आराम पडतो. काहींना रात्री दातांवर बसवायची पट्टी उपयोगी पडते. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. म्हणूनच पहिल्याच भेटीत दात घासण्याचा किंवा काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरे मत घ्यावे.

चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखत असेल, सोबत छातीवर दाब किंवा घाम असेल, तर दातांच्या दवाखान्यात वेळ घालवू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबू लागले आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर तो सांध्याचा आजार नसून सबम्युकस फायब्रोसिस असण्याची शक्यता मोठी. त्यातून पुढे काहींना कर्करोग होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. साधी सुपारी मात्र अजूनही कोपऱ्यावर मिळते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये मावत नसतील, तर तपासणी लांबवू नये.